दोन रुंद, दोन अरुंद

भाऊजींना डोंगरावरून खाली आणायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य बुडायच्या आत आणायचं होतं. काम एवढंच. पण आक्काच्या घरात कुठलं काम सरळ झालंय आजवर!

आक्काच्या स्वयंपाकघरात फळीवर नवऱ्याच्या वेळचा वायरलेस होता. नवरा गेला, वायरलेस राहिला. वर डोंगरमाथ्यावर हवामानाचं ठाणं होतं, आणि तिथे तिचा दीर एकटा राहायचा. रोज सकाळी तो खालच्या कचेरीला पारा सांगायचा, वारा सांगायचा, ढग सांगायचा. आक्का चहा पीत ऐकायची. ऐकायची आणि नाक मुरडायची. बटण दाबून उत्तर मात्र तिने कधी दिलं नव्हतं. वाटणीच्या दिवशी दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच.

त्या दिवशी सकाळी आवाज आला नाही. दुपारी आला, तोही खरखरत.

"पारा बघितला नाही. वादळात छप्पर बसलं. तुळई पायावर पडली होती, ती काढली. पाय सुजलाय. बोटं काळी पडतायत. बाकी, ढग आहेत."

आक्काच्या हातातली कपबशी ओट्यावर आदळली. "बाकी ढग आहेत म्हणे!" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ते बटण दाबलं. "भाऊजी! पाय काळा पडेपर्यंत तोंड शिवलं होतं का तुमचं?"

पलीकडून मग हळूच, "वहिनी, आवाज जरा कमी. कानाला काही झालेलं नाही."

कचेरीने हात वर केले. मोठ्या रस्त्यावरचा पूल वादळात वाहून गेला होता, आणि एवढ्या ढगात हेलिकॉप्टर उडत नाही म्हणे. डॉक्टरीणबाई फोनवर स्पष्ट बोलल्या, "उद्या अंधार पडायच्या आत माझ्या टेबलावर आणा. त्यानंतर पाय वाचेल असं मी म्हणणार नाही. माणूस वाचेल असंही म्हणणार नाही."

वर जायला मग एकच वाट उरली. आक्काच्या नवऱ्याने आणि भाऊजींनी तरुणपणी पहारीने फोडून काढलेली जुनी वाट! आधी दलदल, मग दोन उभ्या खडकांच्या मधलं चिंचोळं दार, मग दरीच्या कडेने चढत जाणारा उघडा कातळ. त्या खडकांच्या दारातून आजच्या लठ्ठ गाड्या जात नाहीत. जायची ती एकच, दोघा भावांची जुनी जीप. चारही चाकांना जोर लागणारी, पत्र्याची, हडकुळी. नवरा तिला घोडी म्हणायचा.

ही घोडीच तर भांडणाचं मूळ. वाटणीत भाऊजी म्हणाले होते, अर्धी माझी. आक्काने आयुष्यभर सगळ्या वस्तूंचे अर्धे-अर्धे करून भांडणं मिटवली होती, पण गाडी अर्धी कशी करायची ते तिला सुचलं नाही. तिने किल्ली कनवटीला लावली, भाऊजी माथ्यावर गेले, आणि घोडी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढली. धाकटी लेक अधूनमधून इंजिन चालू करून बघायची, तेल बदलायची, म्हणून आतलं सगळं जिवंत होतं. टायर मात्र मेले होते. बोट लावलं की रबराच्या खपल्या हातात यायच्या.

तिन्हीसांजेला आक्का, थोरला लेक आणि धाकटी टायरवाल्याच्या दुकानात उभी राहिली. तिथे जी जुंपली, ती सगळ्या आळीने ऐकली.

थोरल्याचं फर्निचरचं दुकान होतं. त्याला वस्तू भरदार लागायची. खुर्ची असो की टायर, दहाजणांनी वळून बघितलं पाहिजे. त्याने एका काळ्याकुट्ट, फुगीर टायरवर थाप मारली. "आई, हे बघ! काय रुंदी आहे! चिखलात रुतायचं नावच नको."

"रुतणार नाहीत, घसरतील," धाकटी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही शिकवायची. "दलदलीत वर पातळ चिखल आणि खाली कडक जमीन आहे. अरुंद, उंच टायर चिखल कापून खालच्या जमिनीला लागतो. हा तुझा ढब्बू वरच्या वर लोण्यावर तरंगेल. बाबांनी जन्मभर अरुंदच वापरले."

"बाबांच्या वेळी रुंद मिळत नव्हते, म्हणून!"

"आणि खडकांच्या दारात? तिथे काय पोट आत घेणार आहेत तुझी चाकं?"

"तू गाडीखाली लोळतेस म्हणून शहाणी झालीस का?"

"मी लोळले म्हणून इंजिन चालतंय, दादा! तू कधी पुसली तरी का तिची काच?"

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर माणूस काळा पडत चाललाय आणि ही दोन घोडी इथे रबरावरून एकमेकांच्या झिंज्या उपटतायत! लहानपणी पतंगावरून भांडली, तेव्हा तिने पतंग मधोमध फाडून दोघांच्या हातात अर्धा-अर्धा दिला होता. पांघरुणावरून भांडली, तेव्हा पांघरूण फाडलं होतं. दोघंही रात्रभर कुडकुडली, पण भांडण मिटलं होतं!

"बस्स!" ती ओरडली. हवेचा पंपसुद्धा दचकून थांबल्यासारखा झाला. "पुढे दोन हिचे, मागे दोन ह्याचे. जादाचे दोन घ्यायचे, एक हिच्या मापाचा, एक ह्याच्या. झालं भांडण!"

टायरवाला हात पुसत पुढे आला. "आक्का, पण फोर-व्हीलला चारी एकाच मापाचे लागतात. हे रुंदवाले उंचीला चार बोटं कमी आहेत. पुढचं आणि मागचं..."

"तुला विचारलं मी?"

"नाही, पण..."

"मग हवा भर!"

त्याने हवा भरली. धाकटीच्या कपाळावर आठी होती, तिला काहीतरी खटकत होतं. पण भांडणात अर्धं पदरात पडलं होतं, आणि ते हातचं घालवायची तिला हौस नव्हती. ती गप्प बसली. सहाही टायर जुन्या रिमांवर चढले, आत ट्यूब बसल्या, आणि घोडी ठोकळ्यांवरून उतरली. पुढे पाय बारीक, मागे ढुंगण जाड! आळीतली माणसं हसली. आक्काने एकेकाकडे असं बघितलं की पुढच्याच क्षणी ज्याला त्याला घरात काम आठवलं.

तांबडं फुटताच गाडी निघाली. थोरला चालवायला, धाकटी शेजारी, मागे आक्का. सोबत दोरखंड, पहार, जॅक, औषधांची पेटी. आक्काला न्यायला कुणीच तयार नव्हतं. "माझ्या नवऱ्याची वाट, माझा दीर आणि माझी गाडी. मी येत नसेन तर तुम्हीही उतरा," एवढंच ती म्हणाली होती.

दलदल सकाळच्या धुक्यात पसरली होती. कमरेएवढं गवत, मध्येच चकाकणारे पाण्याचे डोळे, आणि सगळीकडे कुजक्या पानांचा आंबूस वास. एका बाजूला वठलेली झाडं हाडांसारखी उभी होती. इंजिनाचा आवाज ऐकून बगळे उडाले, आणि मग पुन्हा अशी शांतता झाली की आपलंच गिळणं आपल्याला ऐकू यावं.

"फोर-व्हील टाक," धाकटी म्हणाली.

थोरल्याने छोटा दांडा ओढला. खट्! गाडी चिखलात शिरली. पुढची अरुंद चाकं सुरीसारखी आत गेली आणि खालच्या जमिनीला लागली. मागची रुंद चाकं मात्र वरच तरंगत राहिली. अर्धी दलदल बरी गेली. आणि मग अचानक गाडीचं बूड डावीकडे निघालं!

"दादा, सावर!"

"सावरतोय! ती मागून कुठे चाललीय तिलाच विचार!"

घोडी आडवी झाली. मागचं एक चाक पाण्याच्या डोळ्यात गेलं. बुडबुड! चिखल दारापर्यंत आला.

"हवा काढतो मागची. टायर पसरतील, पकड येईल," थोरला म्हणाला.

"थोडीशीच! जास्त काढलीस तर रिम आतल्या आत फिरेल आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघेल."

"थोडीशी म्हणजे किती, मास्तरीणबाई?"

"आधी उतरा दोघं!" आक्का कडाडली. पदर खोचून ती स्वतः गुडघाभर चिखलात उतरली. वठलेल्या झाडाच्या बुंध्याला तिने दोरखंडाचा वेढा दिला, दुसरं टोक गाडीच्या पुढच्या हुकात अडकवलं, आणि मधल्या दोराला पहार घालून पीळ द्यायला लागली. एकेक पीळ, एकेक शिवी! पोरंही धावली. दोर ताणला. झाड करकरलं. इंजिन गुरगुरलं. आणि घोडी सूं करून चिखलातून सुटली!

"बघितलंस? पुढच्या चाकांनी ओढलं," धाकटी धापा टाकत म्हणाली.

"मागची रुंद होती म्हणून पूर्ण बुडाली नाही!"

"मी ओढलं!" आक्का म्हणाली. "आणि आता जो बोलेल, तो इथेच राहील."

पण तिच्या मनात राग धुमसतच होता. पोरांवर होता, वादळावर होता, आणि सगळ्यात जास्त भाऊजींवर. माणूस मरायला टेकला तरी ढग सांगतोय! एवढा कसला ताठा! ह्याच घराण्याचा ताठा. तिला चांगला माहीत होता तो. तिने तो जन्मभर सांभाळला होता, आणि स्वतःचाही त्यात घातला होता.

खडकांचं दार आलं. दोन काळे कातळ खांद्याला खांदा लावल्यासारखे उभे होते, मधून एका बारीक गाडीपुरती फट. कातळावर पहारीचे वण अजून दिसत होते. आक्काने त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. आठवणी काढायला वेळ नव्हता.

पुढची चाकं अलगद गेली. मागची लागली. कर्रर्र! रबर दगडावर घासायला लागलं.

"थांब!"

"थांबून काय करू? मागे घेतली तर पुन्हा घासेल!"

थोरल्याने दात ओठ खाऊन पाय दाबला. गाडी कण्हत पुढे सरकली. दार संपणार इतक्यात... फट्टाक! मागच्या उजव्या टायरची कूस टरकन फाटली. हवेच्या झोताने धूळ उडाली आणि घोडी एका ढुंगणावर बसली.

थोरला खाली उतरून त्या फाटक्या टायरकडे बघत राहिला. आपल्या लाडक्या सोफ्यावर कुणीतरी शाई सांडल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. धाकटी जॅक बाहेर काढायला लागली. तिचं ते न बोलणंच त्याला जास्त लागलं.

"बोल ना! आता का मूग गिळून बसलीस?"

"बोलून टायर शिवला जाणार आहे का?"

गाडी तशीच रेटून दाराबाहेर काढली आणि जादाचा रुंद टायर चढवला. फाटका तिथेच दाराला टेकवून ठेवला. पुन्हा निघाली.

आता कातळ. उघडा, खरखरीत, चढता कातळ. डावीकडे दरी, इतकी खोल की खालची नदी दोऱ्यासारखी दिसत होती. उजवीकडे डोंगराची भिंत. वाट दरीकडे कललेली. वर ढग इतके खाली उतरले होते की हात वर केला तर ओला व्हावा. चिखलातली घसराघसरी संपली, टायर दगडाला घट्ट धरायला लागले. थोरल्याला बरं वाटलं.

पण थोड्याच वेळात त्याचे हात जड झाले. "स्टिअरिंग वळत नाहीये."

"जोर लाव," आक्का म्हणाली.

"लावतोय!"

इंजिन रडायला लागलं. खालून कुठूनतरी जळकट वास आला. घोडी उड्या मारत, अडखळत, कुणीतरी पोटाला दोरी बांधून मागे ओढावं तशी चालली. मग गाडीच्या पोटातून आवाज आला. टण्ण!

"थांबव!" धाकटी किंचाळली. "थांबव, दादा! तुटेल!"

गाडी थांबली, ती नेमकी वाटेच्या सगळ्यात कललेल्या जागी. थोरल्याने फोर-व्हीलचा दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. ढिम्म! बाजूला दरी, पुढे चढ, आणि मध्ये ही आडमुठी घोडी. वरच्या माणसाची बोटं काळी होत चालली होती, आणि सूर्य काही कुणासाठी थांबणार नव्हता.

धाकटी चाकांमागे दगड लावून गाडीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "पिळलेल्या दोरीसारखा ताण बसलाय आत. एक चाक उचलून ताण सोडवावा लागेल. सगळे लांब व्हा."

डोंगराकडच्या पुढच्या चाकाला तिने जॅक लावला. चाक हळूहळू उचललं. कातळाला चिकटलेलं रबर सुटलं, आणि सप्पकन चाक आपलं आपणच गरकन फिरलं! त्याच्या झटक्याने जॅक कलंडला, तिच्या हातातला जॅकचा दांडा सुटला आणि ठणठणत दरीत गेला. खालपर्यंत आवाज येत राहिला. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती, वीतभर अंतरावरून मरण गेलेली.

थोरल्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "लागलं? कुठे लागलं?"

"नाही."

"मूर्ख आहेस का?"

"आहे."

आक्का खाली बसली. "सांग," ती म्हणाली. "माझ्या टाळक्यात जाईल असं सांग. काय झालंय हिला?"

धाकटीने चिखलाने माखलेल्या तळव्यांनी दाखवलं. "फोर-व्हील टाकलं की पुढच्या चाकांचा दांडा आणि मागच्या चाकांचा दांडा एकमेकांना घट्ट बांधले जातात. दोघांनी सारखंच फिरायचं. पण आपली पुढची चाकं उंच आहेत, एका फेरीत जास्त जातात. मागची बुटकी, त्यांना जास्त फेऱ्या हव्यात. त्या मिळत नाहीत. चिखलात टायर घसरून भागवून घेत होते. हा कातळ घसरू देत नाही. सगळा पीळ गिअरमध्ये जाऊन बसला. टायरवाला हेच सांगत होता."

"लांब ढांगा टाकणाऱ्याचा पाय आणि तुरुतुरु चालणाऱ्याचा पाय एकत्र बांधल्यासारखं."

"तेच."

आक्काला राग आला. आयुष्यभर आला होता तसाच, कानशिलं तापवणारा. पण आज त्या रागाला बसायला दुसरं माणूस सापडेना. टायरवाल्याने तोंड उघडलं होतं, तिने ते बंद केलं होतं. पोरं भांडली होती, पण अर्धं-अर्धं तिनेच केलं होतं. राग चारी बाजूंनी फिरून घरी परत आला आणि तिच्याच छातीवर बसला.

ती चाकांकडे बघायला लागली. पुढे उंच, मागे बुटकं. पुढे उंच, मागे बुटकं.

"आणि डावं-उजवं?" तिने एकदम विचारलं. "तेही बांधलेलं असतं?"

"नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं ना, म्हणून डाव्या-उजव्याला मोकळीक ठेवलेली असते. ती वेगळी फिरू शकतात."

"मग मी कापड आडवं फाडलं," आक्का म्हणाली. "उभं फाडायला हवं होतं."

दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"अगं, बघतेस काय! उंच दोन एका बाजूला, बुटके दोन दुसऱ्या बाजूला. पुढेही एक उंच एक बुटका, मागेही एक उंच एक बुटका. मग तरी पुढचं-मागचं सारखं होईल का नाही?"

धाकटीचे ओठ हलायला लागले. बेरीज करताना ते नेहमी हलत. मग तिचे डोळे मोठे झाले. "होईल! आई, होईल! मोकळीक देणारा गोळा सतत फिरत राहील, तापेल, झिजेल... पण आजच्यापुरतं निभावेल!"

"आणि उंच दरीकडे घाल!" थोरला ओरडला. "वाट दरीकडे कललीय. उंच चाकं तिकडे घातली तर गाडी सरळ उभी राहील!"

"हे तुला सुचलं?" धाकटी म्हणाली.

"मी रोज डुगडुगणाऱ्या टेबलांचे पाय बसवतो, मास्तरीणबाई!"

जॅकचा दांडा दरीत गेला होता, म्हणून पहारीने जॅक फिरवला. दरीच्या कडेला गुडघे टेकून नट सोडवले. एकाने चाक काढायचं, दुसऱ्याने धरायचं, आक्काने दगड सरकवायचे. कुणी कुणाला टोमणा मारला नाही, मारला तर मोठ्याने हसले. ताण सुटल्यावर फोर-व्हीलचा दांडाही सुटला होता. चाकं चढली. थोरल्याने पुन्हा फोर-व्हील टाकलं, क्लच सोडला. घोडी जराशी थरथरली आणि चालायला लागली. मोकळी! दरीकडे झुकलेली वाट खाली राहिली आणि गाडी तिच्यावर ताठ मानेने निघाली.

माथ्यावरच्या ठाण्याचं अर्धं छप्पर बसलं होतं. उरलेल्या अर्ध्याखाली भाऊजी बाकावर पडले होते. दाढी वाढलेली, डोळे तापाने लाल. पायाकडे बघवत नव्हतं. उशाशी वाऱ्याचं यंत्र तेवढं पुसून ठेवलं होतं.

"उशीर केलात," ते म्हणाले.

आक्काच्या तोंडाचा पट्टा सुटला. "उशीर? मी केला? पाय मोडून गप्प बसणारा माणूस मला उशीर शिकवतो! पाणी प्या आधी! आणि हा हात असा पकडू नका, मी पळून जात नाही!"

पण तिने हात सोडवून घेतला नाही.

त्यांना मागच्या बाजूला पांघरुणात गुंडाळून झोपवायचं ठरलं. तापातही भाऊजींची जीभ शाबूत होती. "मागे कशाला? अर्धी गाडी माझी आहे, वहिनी. मी माझ्या अर्ध्यात बसणार."

"कुठला अर्धा तुमचा? पुढचा की मागचा? नीट विचार करून सांगा, सकाळपासून आम्ही तेच निस्तरतोय!"

परतताना दरी उजवीकडे येणार, म्हणून चाकं पुन्हा इकडची तिकडे झाली. पोरं नट आवळत होती तेव्हा आक्का त्या तुळईपाशी गेली. हीच ती, पायावर पडलेली. मधोमध मोडली होती. आक्काने तिला लाथ मारली, स्वतःचंच बोट दुखवून घेतलं, आणि जास्तच चिडली.

"हिचा अर्धा तुकडा गाडीत टाका. घरी नेऊन चुलीत घालते हिला! डोळ्यांदेखत जळली पाहिजे!"

"आई, वजन..."

"टाका म्हणते ना!"

कातळ उतरला. खडकांच्या दारात थोरल्याने श्वास रोखला, पण आता रुंद चाकं एकाच बाजूला होती. बोटभर जागा राखून घोडी फटीतून निघाली. सकाळचा फाटका टायर दाराला टेकून उभा होता. कुणीही थांबलं नाही.

दलदलीवर उन्हं तिरपी झाली होती. गाडी पाण्याच्या डोळ्यांना वळसा घालत निघाली. भाऊजी आता बोलत नव्हते. आक्काने त्यांच्या कपाळाला हात लावला, तर तवा!

"पारा सांगा, भाऊजी," ती म्हणाली. "झोपायचं नाही. पारा सांगा!"

"जास्त आहे," ते पुटपुटले.

आणि काठ दिसायला लागला तेव्हाच गाडी उजवीकडे बसली! रुंद चाकं वर, अरुंद खाली, आणि खाली ह्या जागी कडक जमीनच नव्हती. इंजिन ओरडलं. चिखल उडाला. उजवं मागचं चाक नुसतं गरगर फिरत राहिलं. जवळ एकही झाड नव्हतं. सूर्य गवताला टेकला होता.

"चाकाखाली काहीतरी घालायला हवं!" धाकटी ओरडली. "काहीही! टणक!"

आक्काने मागे वळून बघितलं. मग ती तुळईच्या तुकड्याकडे झेपावली. "घे! घाल मेलीला!"

थोरला पोटावर पडून चिखलात हात घालत गेला. तुकडा चाकापुढे सरकवला, खांद्याने रेटला. "चालव!"

धाकटीने क्लच सोडला. चाक तुळईवर चढलं. घसरलं. पुन्हा चढलं. कडाड! लाकूड वाजलं, पण धरून राहिलं. घोडी उसळली, पुढे झेपावली आणि काठाच्या कडक मातीवर येऊन धापा टाकत उभी राहिली!

चिखलाने नखशिखांत माखलेला थोरला मागून आला. "तुळई काढून आणू का, आई?"

आक्काने बुडणाऱ्या तुकड्याकडे पाहिलं. "राहू दे तिला. फिटलं तिचं."

डॉक्टरीणबाईंच्या दारात गाडी थांबली तेव्हा आभाळात थोडा उजेड शिल्लक होता. दोन बोटं गेली. पाय वाचला. माणूस तर असा वाचला की दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या खिडकीत बसून ढगांना नावं ठेवायला लागला.

प्लास्टर घातलेल्या भाऊजींना घरी आणताना आक्काने गाडी टायरवाल्याच्या दुकानापुढे थांबवायला लावली. टायरवाल्याने एका खांद्याने लवलेल्या गाडीकडे पाहिलं. हसू आवरायला त्याला फार कष्ट पडत होते.

"हसू नकोस. आणखी दोन टायर दे. उंच, अरुंद, सगळे एका मापाचे. आणि त्या दिवशी तुझं वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं, ते आता पुरं कर."

"आता काय पुरं करायचं, आक्का..."

"पुरं कर म्हणते ना!"

"पुढचं आणि मागचं एकमेकांना बांधलेलं असतं, आक्का. म्हणून चारी सारखे लागतात."

"हं. हवा भर."

पुढच्या सीटवरून भाऊजी खाकरले. "वहिनी, माझ्या अर्ध्यासाठी मला विचारायला नको का? मी काय म्हणतो, ह्या वेळी जरा रुंद..."

"खबरदार!" आक्का इतक्या जोरात ओरडली की पंप खरोखरच थांबला. गाडी थांबताच पुन्हा कनवटीला खोचलेली किल्ली तिने काढली आणि भाऊजींच्या मांडीवर आपटली. "अर्धी-बिर्धी काही नाही हिची. अख्खी तुमची आणि अख्खी माझी. पाय बरा झाला की ह्याच गाडीने वर सोडेन. आणि सकाळी पारा सांगाल तेव्हा मी उत्तर देणार आहे. रोज. आवाज कमी होणार नाही!"

भाऊजींनी किल्ली मुठीत धरली आणि समोरच्या काचेतून वर बघितलं.

"ढग नाहीत आज," ते म्हणाले.